दुखत नाही म्हणजे झालेलं नाही? हिरड्यांचा आजार आणि अनुपलब्धीचा प्रश्न



या व्याख्यानमालेत आपण ‘आपल्याला जे कळतं ते कशावरून कळतं’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी पाहतो आहोत. प्रत्यक्ष झालं, अनुमान झालं. आज अनुपलब्धी. म्हणजे, ‘अमुक गोष्ट इथे नाही’ हे आपल्याला कसं कळतं? उदाहरण म्हणून मी हिरड्यांचा आजार घेतला आहे. आपल्याकडे त्याला पायोरिया म्हणतात. मी दंतवैद्य नाही, त्यामुळे वैद्यकाचा भाग त्या शास्त्रात सर्वमान्य आहे तेवढाच सांगेन. पण या आजारात माणसाचं बरंचसं नुकसान एका चुकीच्या अनुमानामुळे होतं, आणि अनुमानं तपासणं हा आमच्या विषयाचा धंदाच आहे.

ते अनुमान असं: ‘माझ्या हिरड्या दुखत नाहीत, म्हणून माझ्या हिरड्यांना काही झालेलं नाही.’

ऐकायला किती सरळ वाटतं! आपण सगळेच असं बोलतो. आता भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी यावर काय म्हटलं असतं ते बघू. ते अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही. पण लगेच एक अट घालतात. घडा तिथे असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, तर ‘घडा नाही’ असं म्हणता येत नाही. उजेड असताना न दिसणं, ती योग्य अनुपलब्धी. काळोखात न दिसणं म्हणजे नुसतं न दिसणं.

तेव्हा आपला प्रश्न असा होतो: हिरड्यांचा आजार असता, तर तो दुखला असता का? उत्तर आहे, बहुतेक वेळा नाही. तो वर्षानुवर्षं न दुखता वाढू शकतो. म्हणजे वेदनेच्या बाबतीत आपलं तोंड ही काळोखी खोली आहे. दाताची कीड मज्जेपर्यंत गेली की रात्रीची झोप उडवते, त्यामुळे तिच्यासाठी माणूस धावतो. हिरडीचा आजार असा धावायला लावत नाही. पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा दात हलत असतो, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं, आता दात जाणारच.’

आत नेमकं काय होतं

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट बसलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतू असतात, ते त्याला जबड्याच्या हाडात झोळीसारखं धरून ठेवतात. वरून हिरडीची कड दाताला गळपट्टीसारखी वेढते. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक उथळ फट असते. निरोगी तोंडात तिची खोली साधारण १ ते ३ मिलिमीटर.

दातांवर सतत एक चिकट थर बसत असतो. त्याला प्लाक म्हणतात. ती जिवाणूंची वस्ती असते. हॉलंडच्या लेवेनहूकने १६८३ मध्ये दातांवरचा हा पांढरा थर भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव असल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. हा थर वेळेवर निघाला नाही, तर लाळेतले क्षार त्यात बसून तो दगडासारखा कडक होतो. ते किटण, म्हणजे टार्टर. ब्रशने प्लाक निघतो, किटण निघत नाही. आणि किटण खरखरीत असल्यामुळे त्यावर नवा प्लाक आणखी सहज बसतो.

आता दोन पायऱ्या नीट वेगळ्या ठेवा, कारण सगळा व्यवहार त्यांच्यातल्या फरकावर आहे.

पहिली पायरी, हिरडीचा दाह. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश करताना रक्त येतं. हाड अजून शाबूत असतं. ही पायरी पूर्णपणे उलटवता येते.

दुसरी पायरी, आधाराचा ऱ्हास. दाह खोल जातो, तंतू तुटतात, हाड झिजतं आणि फटीचा खिसा होतो, ४, ५, ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल. आणि हे हाड जिवाणू कुरतडून खात नाहीत. जिवाणूंशी लढताना आपल्याच शरीराची जी दाहक प्रतिक्रिया चालू राहते, तीच हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावते. चोराला हाकलण्यासाठी घरच्यांनीच भिंत पाडावी, तसा प्रकार. हे गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

मग दुखत का नाही? एक कारण असं की खिसा वरून उघडा असतो. आतला स्राव, पू, थोडाथोडा बाहेर येत राहतो, दाब साठत नाही. खिशाचं तोंड बंद होऊन गळू झालं, तर मात्र ठणका लागतो. पण ते क्वचित होतं आणि उशिरा होतं.

वेदना नाही, मग साक्षीदार कोण?

साक्षीदार आहे रक्त. ब्रश करताना, पेरू किंवा सफरचंद चावताना रक्त येणं हे या आजाराचं सगळ्यात लवकर दिसणारं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित लक्षण आहे. डोळ्यातून किंवा नखातून रोज रक्त आलं तर आपण दवाखान्यात पळू. हिरडीतून आलं तर बेसिनमध्ये पाणी सोडतो आणि ब्रश बदलतो. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची वर्गवारी आहे. त्यात ‘शीताद’ म्हणून हिरड्यांचा रोग सांगितला आहे, आणि हिरड्यांतून अकारण रक्त येणं हेच त्याचं ठळक लक्षण दिलं आहे. म्हणजे हा साक्षीदार नवीन नाही, आपण त्याची जबानी घेत नाही एवढंच.

दंतवैद्य काय करतात? टोकाला गोलसर आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच फटीत घालून खोली मोजतात आणि रक्त येतं का ते बघतात. शिवाय एक्स-रेमध्ये हाडाची पातळी दिसते. ही तपासणी म्हणजे खोलीत दिवा लावणं. इथे एक सुंदर गोष्ट अभ्यासांतून पुढे आली आहे. मोजताना एखाद्या जागी रक्त आलं, तर तिथे आजार वाढेलच असं सांगता येत नाही. पण वारंवार तपासूनही रक्त आलं नाही, तर ती जागा स्थिर आहे हे बऱ्याच भरवशाने सांगता येतं. न येणं हाच इथे चांगला पुरावा आहे. ही झाली योग्य अनुपलब्धी.

मात्र याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या समाजात मोठा आहे. जो सिगारेट-बिडी ओढतो, त्याच्या हिरड्यांतला रक्ताचा ओघ आणि दाहाची लाली दबते. आजार जोरात असूनही रक्त कमी येतं. धुरावरून अग्नीचं अनुमान करणारं शास्त्र आपण शिकलो, इथे धूरच खूण पुसून टाकतो! म्हणून धूम्रपान करणाऱ्याने ‘माझ्या तर रक्तही येत नाही’ हा दिलासा मानू नये. आणि मिश्री. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक बायका अजूनही दात स्वच्छ होतात म्हणून ती लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरडी खाली सरकते, व्यसन लागतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

कारण कसं ठरलं

प्लाकमुळे दाह होतो हे आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. पण ते ठरवलं कसं? आपल्याकडे कारण ठरवण्याची कसोटी आहे अन्वय-व्यतिरेक. ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हॅराल्ड लो या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अगदी हेच केलं. निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली, त्यांतली बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी. त्यांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला. मग घासणं पुन्हा सुरू केलं, आणि सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. प्लाक आला, दाह आला. प्लाक गेला, दाह गेला. इतका स्वच्छ अन्वय-व्यतिरेक वैद्यकात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. सगळ्यांना दाह होतो, तर सगळ्यांचे दात का पडत नाहीत? त्याचं उत्तर शोधायला हाच संशोधक श्रीलंकेत गेला. तिथल्या चहाच्या मळ्यांत काम करणारे ४८० तमिळ मजूर. त्यांच्यापर्यंत टूथब्रश पोचला नव्हता, दंतवैद्य पोचला नव्हता. १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं त्यांची तोंडं पुन्हापुन्हा तपासली गेली. प्लाक, किटण आणि दाह जवळजवळ सगळ्यांनाच होते. पण सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सगळे दात गेले. ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला. आणि ११ टक्क्यांचा दाहाच्या पुढे गेलाच नाही.

या आकड्यांमागची एक गोष्ट मला सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या ज्ञानावर आज जगभर उपचार उभे आहेत, त्यातला मोठा भाग या मजुरांच्या पडत्या दातांकडे पाहून मिळाला आहे. आजाराचा ‘नैसर्गिक प्रवास’ दिसला, कारण त्यांच्यापर्यंत कुणी उपचार नेले नव्हते. आज असा अभ्यास पंधरा वर्षं नुसता बघत राहायला कोणती नैतिकता समिती परवानगी देईल, मला शंका आहे. निदान ते ज्ञान आपण वापरावं, इतकं तरी त्यांचं देणं आपण लागतो.

तर्काच्या भाषेत निष्कर्ष असा: प्लाक हे आवश्यक कारण आहे, पुरेसं नाही. त्याच्या जोडीला आनुवंशिकता, तंबाखू, ताब्यात नसलेला मधुमेह अशी सहकारी कारणं लागतात. म्हणून ‘आमचे आजोबा कधी दात घासत नसत, नव्वदीत ऊस सोलून खायचे’ हे उदाहरण खोटं नसतं. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. तुम्ही त्यांच्यातले आहात हे मात्र आजोबांच्या दातांवरून कळत नाही.

‘दात साफ केले आणि हलायला लागले’

आता उपचाराच्या आड येणारं दुसरं चुकीचं अनुमान. हे प्रत्येक घरात ऐकू येतं. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले, म्हणजे स्केलिंग केलं, त्यानंतर दात हलायला लागले, फटी पडल्या, गार पाणी झोंबायला लागलं. म्हणून स्केलिंगने दात खराब होतात.

हा काकतालीय न्याय. कावळा बसला आणि ताड पडला. ‘नंतर झालं’ आणि ‘त्यामुळे झालं’ यांत आपण घोटाळा करतो. खरं काय होतं? हाड आधीच गेलेलं असतं. दोन-तीन दातांना एकत्र जोडणारं किटण मोडलेल्या भिंतीला टेकू लावावा तसं त्यांना धरून असतं. सुजलेल्या हिरडीने फटी झाकलेल्या असतात. किटण निघालं, सूज उतरली, की आधीचं नुकसान दिसायला लागतं. उघड्या पडलेल्या मुळाला काही दिवस गार-गरम झोंबतं, ते बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. उलट दाह उतरल्यावर थोडे हलणारे दात काही प्रमाणात घट्टही होतात. दिवा लावल्यावर पसारा दिसला, तर त्याबद्दल दिव्याला कोणी दोष देत नाही.

उपचार: एकदाचे आणि रोजचे

पहिल्या पायरीवर, म्हणजे नुसता दाह असताना, किटण काढणं आणि घरची रोजची स्वच्छता एवढं पुरतं.

दुसऱ्या पायरीवर खिशाच्या आतली सफाई करावी लागते. जागा बधिर करून मुळावरचा थर आणि किटण काढतात. साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. खिसे उथळ झाले असतील तर उत्तम. काही खोल राहिले, तर हिरडी थोडी उघडून डोळ्यांना दिसेल अशी सफाई करतात, त्याला फ्लॅप सर्जरी म्हणतात. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत हाड काही अंशी पुन्हा भरून आणता येतं, पण सगळीकडे नाही. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, कारण थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. आधी थर फोडावा लागतो.

आणि यानंतर जो भाग येतो तो सगळ्यात कमी चमकदार आणि सगळ्यात महत्त्वाचा. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, आणि रोज घरी:

मऊ ब्रश. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, केस हिरडी आणि दाताच्या सांध्यात शिरतील असा. भांडी घासल्यासारखं जोरात आडवं घासायचं नाही.

दोन दातांमधली जागा. ब्रश तिथे पोचत नाही आणि आजार बहुधा तिथेच सुरू होतो. फटी असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे इंटरडेंटल ब्रश मिळतात, ते वापरायचे. फटी अगदी घट्ट असतील तर दोरा, म्हणजे फ्लॉस.

रक्त आलं तर त्या जागी घासणं थांबवायचं नाही. आपण नेमकं उलट करतो. रक्त येतं म्हणून ती जागा टाळतो, टाळली म्हणून प्लाक वाढतो, प्लाक वाढला म्हणून आणखी रक्त येतं. हळुवार पण नीट घासत राहिलात, तर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं, तर दंतवैद्याकडे जायचं.

तोंडापलीकडे

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचं नातं दुहेरी आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांचा दाह चालू असेल तर साखर आटोक्यात आणणं अवघड होतं. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी सुमारे ०.४ अंकाने उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात हे फार कामाचं आहे.

हृदयविकाराबद्दल मात्र जपून बोलायला पाहिजे. दोन्ही आजार एकाच माणसात जास्त आढळतात, हे खरं. पण दोघांमागे तंबाखू, वय, मधुमेह ही समान कारणं आहेत. आपण ज्याला उपाधी म्हणतो तोच हा प्रकार. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासला आणि सांगितलं, संबंध दिसतो, पण हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो हे सिद्ध झालेलं नाही. हे जपून बोलणं का हवं, त्याला इतिहास आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रिअलमधल्या भाषणात तोंडातल्या पूला अनेक आजारांचं मूळ ठरवलं. पुढची काही दशकं संधिवातापासून अनेक तक्रारींसाठी लोकांचे दात सरसकट उपटले गेले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरने वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात काढले. सहसंबंधाला कारण समजण्याची किंमत अशी मोजावी लागते.

श्रोत्यांचे प्रश्न

*मिठाच्या गुळण्या, हळद, तेलाच्या चुळा, यांचा उपयोग होतो का?*

कोमट मिठाच्या पाण्याने बरं वाटतं, तात्पुरती सूजही थोडी उतरते. पण यातल्या कशानेही किटण निघत नाही. जोड म्हणून हरकत नाही, बदली म्हणून नको. दुकानातलं क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉशही डॉक्टर सांगतील तेवढे दिवसच वापरायचं. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

*माझं वय ७४ आहे. आता उपचार करून काय उपयोग?*

माझ्याच वयाचे आहात, म्हणून स्पष्ट बोलतो. वय हे या आजाराचं कारण नाही. वय म्हणजे फक्त आजाराला मिळालेला वेळ. गेलेलं हाड येणार नाही, पण उरलेलं टिकवता येतं. नीट चावता आलं तर भाकरी, फळं, शेंगदाणे ताटात राहतात. नाहीतर आपण खिमटीवर येतो. एक सूचना: रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर काहींच्या हिरड्या त्याने वाढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करायची नाही.

*खर्च परवडत नाही त्यांनी काय करावं?*

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. वेळ जास्त लागतो, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं. आणि सगळ्यात स्वस्त उपचार म्हणजे पहिल्या पायरीवरच थांबवणं. त्याला एक मऊ ब्रश आणि रोजची चार मिनिटं लागतात.

आज इथेच थांबू. उद्या सकाळी दात घासताना बेसिनकडे एकदा नीट बघा, आणि गुलाबी पाणी दिसलं तर ‘दुखत तर नाही’ असं म्हणून नळ सोडू नका. पुढच्या वेळी शब्दप्रमाणाकडे वळू. तज्ज्ञाचं म्हणणं आपण कधी आणि का मानावं, असा तो प्रश्न आहे.